मुलीचे दात वेडेवाकडे आहेत. सरळ केले तर तब्येतीला खरंच काही फायदा, की नुसतं दिसण्यापुरतं?

तुम्ही लिहिलंय, मुलगी १२ वर्षांची आहे, वरचे समोरचे दात पुढे आलेत, खालचे एकमेकांवर चढलेत. अंबाजोगाईला दाखवलं तर तार लावायला सांगितलं, आणि घरातल्या मोठ्यांचं म्हणणं की दिसण्यापायी एवढा खर्च कशाला. दात कशा प्रकारे वाकडे आहेत त्यावर उत्तर ठरतं, म्हणून आधी घरच्या घरी एक मोजमाप करा.

मुलीला नेहमीसारख्या दाढा मिटायला सांगा. कंपासपेटीतली पट्टी खालच्या समोरच्या दाताला आडवी टेकवा आणि वरच्या दाताची कड किती पुढे येते ते बघा. पट्टीच्या टोकाला शून्याआधी कोरी जागा असते, ती धरू नका. २-३ मिलिमीटर हे नेहमीचं. त्याहून जास्त असेल तर पडल्या-झडल्यावर समोरचा दात तुटायचा धोका साधारण दुप्पट होतो. ६ मिमीच्या पुढे असेल आणि ओठ सहज मिटत नसतील तर तार लावायला हेच एक कारण पुरेसं आहे, कारण दातांपुढे ओठाची ढाल राहत नाही. सायकल, कबड्डी, हापशाचा उसळलेला दांडा, काहीही निमित्त पुरतं. या वयात दात नसेपर्यंत तुटला तर आधी रूट कॅनाल, मग कॅप आणि ती कॅप आयुष्यात अनेकदा बदलणं, असा खर्च मागे लागतो. तारेचा खर्च त्याच्याशी ताडून बघा.

दुसरं, तोंड मिटल्यावर खालचे दात वरच्या टाळूला टोचतात का? टोचत असतील तर तिथली हिरडी सोलवटत राहते. एखादा वरचा दात खालच्या दाताच्या मागे अडकत असेल तर समोरच्या खालच्या दातावरची हिरडी खाली सरकत जाते, आणि सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वरचे दोन्ही सुळे आलेत का? १२ व्या वर्षापर्यंत ते यायला हवेत, निदान हिरडीवर बोट फिरवल्यावर त्यांचा उंचवटा तरी लागायला हवा. एका बाजूचा आला आणि दुसऱ्या बाजूचा दुधाचाच सुळा अजून घट्ट असेल तर एक्स-रे टाळू नका. आत आडवा पडलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ खाऊन टाकू शकतो, आणि ते अजिबात दुखत नाही.

आता एकमेकांवर चढलेल्या दातांचं. वाकडेपणामुळे दात किडत नाहीत, दातावर राहिलेल्या जिवाणूंच्या थरामुळे किडतात. दात चढलेले असले की ब्रश फटीत पोचत नाही, थर साचतो, लाळेतल्या क्षारांनी त्याचं किटण होतं आणि हिरड्यांतून रक्त येतं. (बोअरच्या जड पाण्याने किटण चढतं हा समज चुकीचा.) म्हणजे सरळ दात साफ करायला सोपे पडतात, इतकाच फायदा. नीट घासणाऱ्या माणसाचे थोडे वाकडे दातही म्हातारपणापर्यंत टिकतात. तार लावली की डोकेदुखी जाते, पचन सुधारतं, जबड्याची कटकट थांबते, असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर पैसे घालू नका.

उपचारात आधी पूर्ण जबड्याचा आणि बाजूने डोक्याचा एक्स-रे, दातांचे साचे, मग आखणी. जागा फारच कमी असेल तर कधी कधी चार उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) काढाव्या लागतात. ऐकून धक्का बसतो, पण १ मिमी सरकायला साधारण महिना लागतो आणि जागाच नसेल तर दात सरकणार कुठे? ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) बसल्यावर दर ४ ते ६ आठवड्यांनी जावं लागतं, एकूण दीड ते दोन वर्षं. पहिले दोन-तीन दिवस ठणकतं, तेव्हा मऊ भात-वरण द्या. तार गालाला टोचली तर त्यावर दवाखान्यातून मिळणारं मेण लावायचं.

बिघडतं ते बहुतेक घरी. ऊस दातांनी सोलणं, फुटाणे, चिक्की, बोराची बी, वाळलेली कडक भाकरी यांनी ब्रॅकेट निघतं आणि पुढच्या तारखेपर्यंत तो दात जिथल्या तिथे राहतो. भाकरी बंद करायची गरज नाही, आमटीत कुस्करून खायची. ब्रॅकेटभोवती नीट घासलं नाही तर तिथे खडूसारखे पांढरे डाग पडतात. ती किडीची सुरुवात असते, आणि तार काढल्यावर दात सरळ पण डागाळलेले दिसतात. १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा, तारेच्या वर आणि खाली वेगवेगळं घासणं, फटींसाठी छोटा इंटरडेंटल ब्रश. टँकरच्या दिवसांतही एवढ्याला पेलाभर पाणी पुरतं.

किनवटसारख्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागात वाढलेल्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात. अशा दातावर ब्रॅकेट कमी घट्ट चिकटतं, ते डॉक्टरांना आधीच दाखवा. हे डाग दात जबड्यात तयार होत असताना पडलेले असतात. १२ व्या वर्षी पेस्ट थुंकून टाकणाऱ्या मुलीला पेस्टमुळे नवे पडत नाहीत, तेव्हा त्या भीतीने बिनफ्लोराइडची पेस्ट आणू नका.

‘आठवड्यात दात सरळ’ म्हणत चांगले दात मशीनने तासून कॅप बसवून देणारे असतात. या वयात दाताची नस मोठी असते, तासताना ती दुखावू शकते. त्यांच्या वाटेला जाऊ नका. डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समधले (दात सरळ करण्याच्या शाखेतले) एम.डी.एस. आहेत का, ते विचारा. खर्च आवाक्याबाहेर वाटला तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा. मात्र दर महिन्याला एसटीने जाणं-येणं आणि मुलीची शाळा, दोन्ही धरून हिशेब करा.

आणि सुरू करायच्या आधीच मुलीशी रिटेनरचं, म्हणजे तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या पट्टीचं, बोलून घ्या. तार निघाली की दात जुन्या जागेकडे परत फिरतात, पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जोरात. रिटेनर सुरुवातीला जवळपास दिवसभर आणि पुढे कित्येक वर्षं रात्री लावावं लागतं. जेवताना काढून रुमालात गुंडाळलेलं रिटेनर हमखास कचऱ्यात जातं, म्हणून त्याची डबी दप्तरातच ठेवा.