मालिकेत जायचंय, पण कशासाठी?

प्रश्न: वय २४. गावच्या जत्रेतल्या नाटकांत आणि कला अकादमीच्या स्पर्धेत कामं करतो. मराठी मालिकेसाठी ऑडिशनचे दोन व्हिडिओ पाठवले, उत्तर नाही. घरचे म्हणतात, ‘तुला अभिनय नको, नाव हवं.’ काय करू?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: नाव हवं असण्यात गैर काही नाही. पण मागच्या नाटकातलं तुम्हाला सर्वांत जास्त काय आठवतं, तालीम की टाळ्या, हे आधी तपासा. स्पर्धेच्या नाटकाची तालीम महिनाभर तरी चालते. रोजच्या मालिकेत संवाद बऱ्याचदा त्याच दिवशी हातात पडतात. दोनदा वाचन, जागा ठरवणं आणि लगेच टेक. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती सोडून साधारण २२ मिनिटं भरायची असतात, तीही रोज. तालमीची ओढ असेल तर इथे जीव घुसमटेल. टाळ्यांचं म्हणाल, तर सेटवर त्या नसतातच. प्रेक्षकांचा कौल आठवड्याच्या टीआरपीतून येतो आणि त्यावर तुमचा ट्रॅक, म्हणजे तुमच्या पात्राची गोष्ट, वाढतो किंवा गुंडाळला जातो. रोज कॅमेऱ्यासमोर उभं राहून अभिनयावरच पोट भरावं असं वाटत असेल, तर मात्र जरूर जा.

आता व्हिडिओ. रंगमंचावरच्या नटाचं बहुतेक वेळा बिनसतं ते आवाजात आणि भुवयांत. मांडवातल्या शेवटच्या रांगेसाठी लावलेला सूर क्लोजअपमध्ये भांडल्यासारखा वाटतो. समोर हातभर अंतरावर माणूस आहे असं समजून बोला. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. उभा मागितला नसेल तर आडवा धरा. मागे साधी भिंत, खिडकीचा उजेड तोंडावर. उजेड पाठीमागून आला की चेहरा काळा पडतो. पंखा बंद. समोरचे संवाद वाचणाऱ्याला लेन्सच्या अगदी बाजूला उभं करा. तो माइकजवळ असतो, म्हणून त्याने हळू वाचावं. प्रसंगात नजर त्याच्याकडे, लेन्सकडे फक्त ओळख देताना: नाव, वय, उंची, गाव, भाषा, मोकळ्या तारखा. मग डावी-उजवी बाजू दाखवा. पार्श्वसंगीत नको. वाक्याच्या शेवटी येणारा आपला गोव्याचा हेल शहरी भूमिकेत खटकतो, तो आवरा. पण भाषांत कोकणी अवश्य सांगा.

पैशांचं गणित घरच्यांसमोर मांडा. मानधन दिवसावर ठरतं आणि हातात येतं साधारण ९० दिवसांनी. म्हणजे पहिल्या दिवशी काम मिळालं तरी तीन महिने खिशातूनच. सहा महिन्यांचं भाडं-जेवण गाठीशी हवं. करारात महिन्याला किमान किती दिवस, शिफ्ट किती तासांची आणि दुसऱ्या वाहिनीवर काम करता येईल का, हे वाचूनच सही करा. ऑडिशनसाठी किंवा ‘नोंदणी’साठी पैसे मागणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

प्रश्न: गोव्यात राहूनच मालिकेत काम मिळेल का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर: त्या भरवशावर बसू नका. २०२१च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं म्हणून मालिका इकडे आल्या, मे महिन्यात इथलीही परवानगी गेली. कायमचे सेट बहुतेक मुंबईकडे, गोरेगाव, मढ, ठाणे भागात. दुसऱ्या दिवसाची कॉलशीट, म्हणजे कुणी किती वाजता कुठे यायचं याचा निरोप, संध्याकाळी येते. पेडण्याहून सकाळी सातला तिथे पोचणं जमणारं नाही.