'आसुरी आनंद' म्हणजे नेमकं काय? 'छद्मी' आणि 'कुत्सित' त्याच अर्थाने चालतील का?

दुसऱ्याचं वाईट झालं की मनातल्या मनात ज्या उकळ्या फुटतात, तो आसुरी आनंद. त्यातून आपल्याला दमडीचा फायदा नसतो, तरी बरं वाटतं. जर्मनमध्ये यासाठी 'शाडनफ्रॉइडे' हा एकच शब्द आहे: 'शाडन' म्हणजे नुकसान, 'फ्रॉइडे' म्हणजे आनंद. आपण मात्र त्याला थेट असुरांच्या घरी नेऊन बसवलं. गीतेच्या १६व्या अध्यायात दंभ, दर्प, क्रोध आसुरी संपत्तीत मोजलेत. हा आनंद त्याच पंगतीतला, म्हणून मला आपला शब्द जास्त चोख वाटतो.

मला तो शब्दकोशातून कळला नाही. वडिलांचं किराणा दुकान बंद झालं, त्या आठवड्यात गल्लीतले एक गृहस्थ भेटायला आले. तोंडाने "फार वाईट झालं हो" चाललं होतं आणि डोळे रिकाम्या फळ्यांवरून फिरत होते. "एकूण किती बुडाले?" हे त्यांनी तीनदा विचारलं. चहा झाला तरी उठेनात. निघताना पायरीवरून वळून पाहिलं, तेव्हा ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

ते हसू छद्मी. छद्म म्हणजे सोंग, आवरण, छद्मवेषातलं तेच. आसुरी आनंद मनात असतो, छद्मी हसू चेहऱ्यावर. म्हणून 'छद्मीपणे विचारलं' बरोबर, 'छद्मी आनंद' कानाला खटकतं. कुत्सितपणात तुच्छता असते. समोरच्याचं काहीही बिघडलेलं नसताना, नुसत्या त्याच्या बोलण्याच्या ढबीवरूनही कुत्सित शेरा मारता येतो.

हल्ली भावाच्या ताटातली जिलबी पळवली तरी 'आसुरी आनंद झाला' असं लिहितात. कृपा करून तिथे 'मजा आली' म्हणा. इतका जड शब्द असा झिजवू नये.

'बरी जिरली' हेही लोक यातच धरतात, ते मला पटत नाही. जिरायला आधी मस्ती लागते. सगळ्यांवर गुरगुरणारा तोंडघशी पडला, तर 'जिरली' म्हणताना न्याय झाल्यासारखं वाटतं. माझ्या वडिलांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. उलट उधारीच्या वहीत त्या गृहस्थांच्या नावाची दोन पानं भरली होती, आणि वसुलीसाठी वडील कधी त्यांच्या दारात गेले नाहीत.