बीजांडकोशाचा कर्करोग उपचारांनंतर पुन्हा उद्भवण्याचा धोका कशावर ठरतो?

आपल्या आईंना तिसऱ्या टप्प्याचा बीजांडकोशाचा कर्करोग होता, शस्त्रक्रिया आणि सहा केमो पूर्ण होऊन पाच आठवडे झाले, सीए-१२५ (रक्तात मोजला जाणारा या कर्करोगाचा निर्देशक) आता १४ आहे आणि तरीही डॉक्टर ‘पुन्हा होऊ शकतो’ असेच म्हणतात. तेव्हा हा धोका नेमका कशावर ठरतो, आणि घरात साखर व दूध बंद करूनही आमच्याकडून काही राहून तर जात नाही ना, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात १९ वर्षे पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. शस्त्रक्रियेत काढलेले भाग तपासून त्यांचा अहवाल लिहिणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे त्या बाजूने उत्तर देते.

दुधाचे आधी सांगते. साखर किंवा दूध सोडल्याने हा आजार परत येण्याचे टळते, असे कोणत्याही अभ्यासातून सिद्ध झालेले नाही. सहा केमोंनंतर शरीराला प्रथिनांची गरज असते. आईंना दूध-दही पचत असेल आणि मधुमेह किंवा दुसरे काही कारण नसेल, तर ते कृपया पुन्हा सुरू करावे. आपल्याकडून काही राहिले असेलच, तर ते स्वयंपाकघरात नसून फाइलमध्ये असण्याची शक्यता जास्त आहे.

धोका ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे निदानाच्या वेळचा टप्पा. आजार बीजांडकोशापुरताच असताना सापडला, तर योग्य उपचारांनंतर बहुतेक स्त्रियांना तो पुन्हा होत नाही. तिसऱ्या व चौथ्या टप्प्यात मात्र शंभरातील सुमारे सत्तर ते ऐंशी जणींना तो कधी ना कधी परत येतो आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो. याचे कारण मला टेबलावर दिसते. पोटात आतड्यांच्या पुढे चरबीचा एक पदर असतो, त्याला वपा किंवा ओमेंटम म्हणतात. निरोगी वपा पिवळी, मऊ, बोटांतून निसटणारी असते. या आजारात ती कित्येकदा कडक, पांढुरकी, पाटीसारखी झालेली माझ्यासमोर येते. आणि जिथे ती डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसते, तिथलाही तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला की कधी कधी पेशींची लहान बेटे सापडतात. बीजांडकोशावरून सुटलेल्या पेशी पोटातील पाण्याबरोबर फिरून वपेवर, आतड्यांवर, श्वासपटलाच्या खालच्या बाजूला बसतात. म्हणून शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी तिसऱ्या टप्प्यात कोणताही प्रामाणिक डॉक्टर ‘आता गेला’ असे ठामपणे म्हणू शकत नाही.

दुसरी गोष्ट, आणि माणसाच्या हातात असलेल्या गोष्टींत सर्वांत महत्त्वाची, म्हणजे शस्त्रक्रियेच्या शेवटी पोटात डोळ्यांना दिसणारा आजार किती शिल्लक राहिला. काहीच दिसत नव्हते, एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी राहिल्या की त्याहून मोठ्या राहिल्या, यावरून पुढच्या वर्षांचा अंदाज बराच बदलतो. ही माहिती ऑपरेशन नोटमध्ये असते, डिस्चार्ज कार्डावर बहुधा नसते. माझ्या स्वतःच्या मावशीच्या कार्डावर ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ एवढेच लिहिले होते आणि त्या दोन शब्दांवर आम्ही सगळे, मी पॅथॉलॉजिस्ट असूनही, विसंबलो. अकरा महिन्यांनी आजार परत आला, तेव्हा दुसऱ्या रुग्णालयाने मूळ नोट मागवली आणि तिच्यात श्वासपटलावरील गाठी काढता आल्या नसल्याचे स्पष्ट लिहिलेले निघाले. आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. त्या माहितीने आजार टळला असता असे मी म्हणणार नाही. पण ते अकरा महिने आम्ही जास्त सावधपणे घालवले असते.

तिसरी गोष्ट अहवालातील प्रकाराची. हाय ग्रेड सीरस हा सर्वाधिक आढळणारा प्रकार केमोला सुरुवातीला चांगला प्रतिसाद देतो, पण परत येण्याची त्याची प्रवृत्ती असते. लो ग्रेड सीरस संथ असतो, केमोला कमी दाद देतो आणि काही वर्षांनीही डोके वर काढू शकतो. क्लिअर सेल आणि म्युसिनस हे प्रकार पुढच्या टप्प्यात सापडले, तर नेहमीच्या केमोला कमी जुमानतात. (पहिल्या टप्प्यातील रुग्णांचे कोणी नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: ‘साधी गाठ’ समजून दुर्बिणीतून काढताना ती पोटात फुटली असेल, किंवा नंतर कर्करोग निघूनही वपा व लसिकाग्रंथी तपासायच्या राहिल्या असतील, तर डॉक्टरांकडे तो विषय अवश्य काढावा.)

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे उत्तर लिहायला बसले, ती. आपल्या प्रश्नात बीआरसीए १ व २ या जनुकांच्या तपासणीचा उल्लेख कुठेच नाही. या जनुकांत दोष असेल तर आजार होण्याची शक्यता वाढते हे खरे, परंतु अशा रुग्णांचा आजार प्लॅटिनम गटातील केमोला अधिक चांगला प्रतिसाद देतो आणि त्यांना ओलापॅरिबसारख्या पार्प गटातील (कर्करोगाच्या पेशींना आपला डीएनए दुरुस्त करू न देणाऱ्या) गोळ्यांचा मोठा फायदा होतो. सोलो-१ या चाचणीत, ज्यांना हा दोष होता आणि केमोने ज्यांचा आजार आटोक्यात आला होता अशा पुढच्या टप्प्यातील स्त्रियांना दोन वर्षे ओलापॅरिब दिले गेले. सात वर्षांनी त्या गटातील ६७ टक्के स्त्रिया हयात होत्या, तर औषध नसलेली, नुसती तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांपैकी ४६.५ टक्के. त्या चाचणीत औषध शेवटच्या केमोनंतर आठ आठवड्यांच्या आत सुरू झाले होते. आपले पाच आठवडे झाले आहेत, म्हणून पुढच्या भेटीची वाट न पाहता, ही तपासणी झाली आहे का हे विचारायला डॉक्टरांना या आठवड्यातच फोन करावा. सापडलेला दोष फक्त गाठीत नसून जन्मजात असेल, तर आपल्याला आणि आपल्या भावंडांना तो असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी असते, त्यामुळे समुपदेशन त्यांनाही लागेल.

सीए-१२५ बद्दल एवढेच, की ३५ च्या खाली असणे चांगले, पण केमो चालू असताना तो किती झपाट्याने उतरला हेही डॉक्टर पाहतात. भीतीपोटी दर पंधरा दिवसांनी स्वतःहून तो तपासू नये. केवळ आकडा वाढला म्हणून लक्षणांआधीच केमो सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले आहे. पोट फुगणे, दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, लघवीला वारंवार जावे लागणे, दम लागणे, शौचास न होता उलट्या होणे, यांपैकी काही नव्याने सुरू होऊन टिकून राहिले तर तारखेआधीच दाखवावे. आजार परत आलाच, तर शेवटच्या प्लॅटिनम केमोनंतर सहा महिन्यांच्या आत आला की नंतर, यावर पुढच्या औषधांची निवड बरीचशी ठरते. म्हणून शेवटच्या केमोची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

फाइल लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत असेल (आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या फाइली तशाच असतात), तर ती उपसून ऑपरेशन नोट आणि पॅथॉलॉजीचा संपूर्ण अहवाल आहे का ते पाहावे. नसल्यास रुग्णालयाच्या नोंदणी विभागात आईंच्या सहीचा अर्ज द्यावा. आणि गाठीवरील बीआरसीए तपासणी ज्यांच्यावर होते ते ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, ज्या प्रयोगशाळेने अहवाल दिला तिच्याकडेच असतात. तिथे अहवालाचा क्रमांक आणि ओळखपत्र घेऊन जावे आणि ‘ब्लॉक हवे आहेत’ असे स्पष्ट सांगावे, कारण नुसते ‘सॅम्पल’ म्हटले की समोरचा माणूस रक्ताची नळी शोधत बसतो.