'फायकस रिलिजिओसा' : नाम '-अस'कारान्त, मग विशेषण स्त्रीलिंगी का?

प्रश्न असा आला आहे : पिंपळाचे शास्त्रीय नाव 'फायकस रिलिजिओसा' आहे. लॅटिनच्या पहिल्याच धड्यात '-उस'ने (इंग्रजी उच्चारात '-अस'ने) संपणारी नामे पुल्लिंगी आणि '-आ'ने संपणारी स्त्रीलिंगी असे शिकवतात. तसे असेल तर येथे विशेषणाचे रूप 'रिलिजिओसस' व्हायला हवे होते. ते झाले नाही, ही नाव देणाऱ्याची चूक समजावी का? शिवाय वडाच्या 'फायकस बेंगालेन्सिस' या नावात '-अस'ही नाही आणि '-आ'ही नाही, ते का?

चूक मुळीच नाही. 'फीकुस' म्हणजे अंजिराचे झाड, आणि हा शब्द लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी आहे. (येथून पुढे लॅटिन शब्द मूळ उच्चाराच्या जवळ जातील असे लिहितो, 'फायकस' हा आपल्याकडे इंग्रजीमार्गे आलेला उच्चार आहे.) लॅटिन विशेषण आपल्या नामाशी लिंग, वचन आणि विभक्ती या तीन बाबतींत जुळते; नामाच्या शेवटच्या अक्षराशी जुळण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पुष्कळ शब्दांत दोन्हींचे शेवट सारखे येतात, त्यामुळे यमक जुळवणे हाच नियम आहे असा समज होतो. पहिल्या धड्यातील सोपे सूत्र मुलांना लवकर धीर देते हे खरे, पण ते सूत्र नामाच्या रूपावलीविषयी आहे, लिंगाविषयी नाही, हे त्याच धड्यात सांगितले जावे असे मला फार वाटते.

मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. हत्ती, नदी आणि पाणी हे तिन्ही शब्द ईकारान्त आहेत. तरी आपण मोठा हत्ती, मोठी नदी आणि थोडे पाणी असे म्हणतो आणि त्यात कोणालाही अडखळायला होत नाही. लॅटिनमध्येही नामांचे पाच गण, म्हणजे रूपे चालवण्याच्या पद्धतीनुसार पाडलेले वर्ग, आहेत आणि गणावरून लिंगाचा फक्त अंदाज बांधता येतो. पहिल्या गणातील आकारान्त नामे बहुतेक स्त्रीलिंगी आहेत, पण शेतकरी या अर्थाचा 'अग्रिकोला', खलाशी या अर्थाचा 'नाउता' आणि कवी या अर्थाचा 'पोएता' हे शब्द पुल्लिंगी आहेत, म्हणून चांगला शेतकरी 'अग्रिकोला बोनुस' होतो. उलट चौथ्या गणातील 'मानुस', म्हणजे हात, आणि 'दोमुस', म्हणजे घर, हे शब्द '-उस'ने संपूनही स्त्रीलिंगी आहेत, म्हणून मोठे घर 'दोमुस माग्ना' होते. 'फीकुस' तर आणखी विलक्षण आहे. प्राचीन लेखनात तो कधी दुसऱ्या गणाप्रमाणे चालतो, कधी चौथ्या गणाप्रमाणे. रूपे बदलतात, पण झाड या अर्थी लिंग मात्र स्त्रीलिंगच राहते.

झाडांची नावे स्त्रीलिंगी असणे ही लॅटिनची जुनी रीत आहे. झाड या अर्थाचा 'आर्बोर' हा सामान्य शब्दही स्त्रीलिंगीच. ओक म्हणजे 'क्वेर्कुस', पाइन म्हणजे 'पीनुस', एल्म म्हणजे 'उल्मुस', बीच म्हणजे 'फागुस' : सगळ्यांचा शेवट '-उस' आणि सगळे स्त्रीलिंगी. 'पोपुलुस' हा शब्द या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यातील पहिला ओकार ऱ्हस्व असेल तर अर्थ 'जनता' आणि लिंग पुल्लिंग, म्हणून रोमची जनता 'पोपुलुस रोमानुस'. ओकार दीर्घ असेल तर तोच शब्द पॉप्लरचे झाड होतो, म्हणून पांढरा पॉप्लर 'पोपुलुस आल्बा'. लिहिताना दोन्ही शब्द सारखेच दिसतात आणि भेद विशेषण दाखवून देते. अपवादही आहेत, मेपलचे 'आकेर' हे नाव नपुंसकलिंगी आहे. पण लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींना द्विनाम पद्धतीने नावे दिली तेव्हा फीकुसच्या बाबतीत त्याने जुनी रीतच पाळली आणि वनस्पतिनामांची आजची आंतरराष्ट्रीय संहिताही वृक्षनामांचे परंपरेने आलेले लिंग जपते. निलगिरीचे 'एउकालिप्तुस' हे नाव रोमन लोकांना ठाऊक नव्हते, ते अठराव्या शतकात ग्रीक शब्दांवरून घडवलेले आहे. तरी तेही स्त्रीलिंगी मानले जाते आणि त्याच्या एका जातीचे नाव 'एउकालिप्तुस आल्बा' असे आहे.

झाडाचे लिंग काय ते विशेषणावरून कसे कळते याचा सर्वांत सुंदर पुरावा रोमन कवी व्हर्जिलच्या गोपकाव्यातील पहिल्याच ओळीत आहे : 'तीतिरे, तू पतुलाए रेकुबान्स सुब तेग्मिने फागी'. अर्थ असा की तीतिरुसा, तू विस्तीर्ण बीच वृक्षाच्या छायेखाली पहुडला आहेस. 'पतुलाए' म्हणजे 'विस्तीर्ण', ते तिसऱ्या जागी आहे. ज्याचे ते विशेषण आहे ते 'फागी' ओळीच्या अगदी शेवटी आहे आणि मध्ये तीन शब्द आहेत. 'तेग्मिने' हे नपुंसकलिंगी नाम वेगळ्याच विभक्तीत असल्यामुळे 'पतुलाए' त्याला लागू शकत नाही. 'रेकुबान्स' तर 'तू'कडे जाते. उरते 'फागी' हे षष्ठीचे रूप. '-आए' आणि '-ई' यांचा कानाला काहीही मेळ नाही, परंतु दोन्ही स्त्रीलिंगी, एकवचनी, षष्ठ्यन्त आहेत आणि तेवढ्यावर वाचक ती जोडी बिनचूक लावतो. लॅटिनमधला शब्दक्रम इतका मोकळा राहू शकतो तो या त्रिविध जुळणीच्या बळावर.

आता वडाचा प्रश्न. लॅटिन विशेषणांचे दोन मोठे वर्ग आहेत. पहिल्या वर्गात तिन्ही लिंगांची रूपे वेगळी असतात : नवा या अर्थी 'नोवुस, नोवा, नोवुम', जे संस्कृतच्या 'नवः, नवा, नवम्' या रूपांचे थेट सगोत्र आहे. 'पेरलेला, लागवडीचा' या अर्थाचे विशेषण घेतले तर केशर 'क्रोकुस सतीवुस', भात 'ओरीझा सतीवा' आणि लसूण 'आल्लिउम सतीवुम' होते. दुसऱ्या वर्गातील विशेषणे तिसऱ्या गणातील नामांप्रमाणे चालतात आणि त्यांच्यापैकी बहुतेकांत पुल्लिंग व स्त्रीलिंग यांचे रूप एकच असते, नपुंसकलिंगाचे तेवढे वेगळे. सामान्य या अर्थाचे विशेषण पाहा : श्रावणघेवडा पुल्लिंगी म्हणून 'फासेओलुस वुल्गारिस', बीट स्त्रीलिंगी तरीही 'बेता वुल्गारिस', आणि सातू नपुंसकलिंगी म्हणून 'होर्देउम वुल्गारे'. स्थलवाचक '-एन्सिस' प्रत्ययही याच वर्गातला. म्हणून 'बेंगालेन्सिस' हे रूप स्त्रीलिंगीच आहे, फक्त त्याच्याकडे पाहून ते ओळखू येत नाही. उंबराच्या 'फीकुस रासेमोसा' या नावात मात्र विशेषण पहिल्या वर्गातले असल्यामुळे लिंग पुन्हा उघड होते. याच दुसऱ्या वर्गात काही विशेषणांचे प्रथमा एकवचन तिन्ही लिंगांत एकच असते. ज्वारीच्या 'सोर्घुम बिकोलोर' या नावातील 'दुरंगी' या अर्थाचे विशेषण त्यातले आहे.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. वनस्पतिनामातील दुसरा शब्द प्रत्येक वेळी विशेषणच असतो असे नाही. जांभळाच्या 'सिझिगिउम कुमिनी' या नावातील 'कुमिनी' हे जिऱ्याच्या लॅटिन नावाचे षष्ठीचे रूप आहे, त्यामुळे त्याने 'सिझिगिउम'च्या लिंगाशी जुळण्याचा प्रश्नच येत नाही. देवदाराच्या नावातील 'देओदारा' हे आपलेच नाम जसेच्या तसे शेजारी ठेवले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात अध्यापन केलेल्या फादर सांतापाव यांच्या सन्मानार्थ सह्याद्रीतील एका कंदीलपुष्पाला 'सेरोपेजिया सांतापावी' हे नाव मिळाले. 'सेरोपेजिया' स्त्रीलिंगी असूनही शेवटचा '-ई' पुल्लिंगाचा आहे, कारण षष्ठीचे हे रूप व्यक्तीच्या लिंगाप्रमाणे होते, वनस्पतीच्या नव्हे.

ज्यांना लॅटिन पद्धतशीर शिकायचे आहे त्यांना माझे सांगणे आहे की नाम कधीही एकटे पाठ करू नये. कोशात देतात तसे प्रथमा, षष्ठी आणि लिंग असे तिन्ही मिळून पाठ करावे. षष्ठीवरून गण कळतो आणि लिंगावरून विशेषणाचे रूप ठरते. संस्कृतची 'देवः देवौ देवाः' ही सवय ज्यांना आहे त्यांना येथे द्विवचनाचे ओझे नाही आणि विभक्तीही कमी आहेत, कारण तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी अशा तिघींचे काम लॅटिनमध्ये एकाच विभक्तीने सांभाळले आहे. मात्र नामाचा तक्ता आणि विशेषणाचा तक्ता वेगवेगळा घोकण्यापेक्षा ज्यांचे शेवट जुळत नाहीत अशा जोड्या एकत्र चालवाव्यात. 'अग्रिकोला बोनुस', षष्ठी 'अग्रिकोलाए बोनी', चतुर्थी 'अग्रिकोलाए बोनो', द्वितीया 'अग्रिकोलाम बोनुम' ही एक, आणि लगेच तिच्या उलट 'क्वेर्कुस आल्बा', षष्ठी 'क्वेर्कूस आल्बाए', चतुर्थी 'क्वेर्कुई आल्बाए', द्वितीया 'क्वेर्कुम आल्बाम' ही दुसरी. या दोन जोड्या न अडखळता म्हणता आल्या की 'फीकुस रेलिगिओसा'ची द्वितीया विद्यार्थ्याला स्वतःच करता येईल : 'फीकुम रेलिगिओसाम'.