शंका-समाधान : शुद्धता १०३ टक्के, आणि एकाच नावाचे अनेक पाटील

प्रश्न : हळदीतून वेगळं केलेलं कर्क्युमिन आम्ही डीएमएसओ या द्रावकात विरघळवून, ठाऊक शुद्धतेच्या मॅलेइक आम्लाच्या तुलनेत प्रोटॉन एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचे सिग्नल मोजणाऱ्या तंत्राने) मोजतो. शुद्धता कधी ९४, कधी १०३ टक्के येते. ९० अंशांची पल्स (चुंबकन ९० अंशांत वळवणारा रेडिओलहरींचा झटका) चुकतेय का? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : पल्स तपासाच, पण आधी दोन स्कॅनमधला थांबा पाहा. पल्स थोडी चुकली तर एकाच नळीतल्या दोन्ही पदार्थांचे सिग्नल जवळपास सारखेच घटतात, गुणोत्तर टिकतं. थांबा अपुरा असला की गुणोत्तरच बिघडतं. मॅलेइक आम्लाचा रेणू लहान, त्याचा टी-वन, म्हणजे पल्सनंतर सावरायला लागणाऱ्या वेळेचं माप, कर्क्युमिनपेक्षा लांब. तो सावरायच्या आत पुढची पल्स आली की त्याचं क्षेत्रफळ कमी भरतं आणि कर्क्युमिन फुगलेलं दिसतं. सर्वांत लांब टी-वनच्या पाचपट थांबल्यास ९९.३ टक्के सिग्नल परततो, सातपट थांबल्यास ९९.९. हा टी-वन त्याच द्रावणात इन्व्हर्जन रिकव्हरीने (चुंबकन उलटं करून ते कसं परततं हे पाहण्याच्या पद्धतीने) मोजून घ्या.

पल्ससाठी : नळी बदलली की ट्यूनिंग-मॅचिंग (यंत्राचं सर्किट त्या नळीशी जुळवणं) पुन्हा करा. पॉवर तीच ठेवून पल्स २ मायक्रोसेकंदांपासून दोन-दोनने ४८ पर्यंत वाढवा. सिग्नल चढतो, उतरतो, उलटा होतो, परत शून्यावर येतो. हे दुसरं, ३६० अंशांचं शून्य ४० वर आलं तर ९० अंश म्हणजे १०. पहिल्या, १८० अंशांच्या शून्यावर चुंबकन उलटं झालेलं असतं आणि सावरायला सर्वाधिक वेळ घेतं. ३६० ला ते जागेवर परतलेलं असतं, म्हणून तेच धरावं.

संगणकावर हे बिंदू क्षीण होत जाणाऱ्या साइन वक्रात बसवा, कारण कॉइलचं क्षेत्र सगळीकडे सारखं नसतं. बहुतेकांची चूक इथे होते : प्रत्येक स्पेक्ट्रमला ऑटो-फेज (सिग्नल आपोआप सुलटा करणारी दुरुस्ती) लावतात. मग उलटे सिग्नल सुलटे होतात आणि वक्र बसतच नाही. पहिल्या स्पेक्ट्रमचा फेज सगळ्यांना लावा. सुरुवातीचा अंदाजही शून्यबिंदूवरून द्या, नाहीतर प्रोग्रॅम भलत्याच वारंवारतेत अडकतो.

आणखी एक. ३.८ पीपीएमजवळच्या मेथॉक्सी सिग्नलवर मोजत असाल, तर त्यात डेमेथॉक्सीकर्क्युमिन हे हळदीतलंच दुसरं संयुगही मोजलं जातं. अर्क नीट वेगळा झालेला नसेल तर आकडा त्यानेही वाढतो.

प्रश्न : प्राध्यापकांची सायटेशन (इतरांनी त्यांच्या निबंधांचे दिलेले संदर्भ) काढताना ‘पाटील एस. एस.’ शोधलं की भलत्याच विषयांचे शोधनिबंध येतात. काय करावं? (ग्रंथपाल, सातारा)

उत्तर : आपल्याकडे आडनाव आणि दोन आद्याक्षरांवर माणूस ओळखता येत नाही. शोध नावावरून करूच नका. प्रत्येकाकडून शोधनिबंधांची यादी घ्या, डीओआय (प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) मिळवा आणि त्यावरूनच ओपनअ‍ॅलेक्स किंवा क्रॉसरेफ या शोधनिबंधांच्या नोंदसंग्रहांमध्ये शोधा. डीओआयच्या सुरुवातीला जोडलेला वेबपत्ता काढून टाका आणि सगळी इंग्रजी अक्षरं लहान लिपीत करा. नाहीतर एकच निबंध दोनदा मोजला जातो. पुढच्या वेळेसाठी प्रत्येकाचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळख क्रमांक) नोंदवून ठेवा. स्वतःच्याच निबंधांतली सायटेशन वेगळ्या रकान्यात दाखवा.

एच-इंडेक्स (किमान तितकीच सायटेशन असलेल्या निबंधांची संख्या) हातानेही निघतो. निबंधांच्या सायटेशनची १२, ९, ५, ४, २ अशी उतरती रांग लावा. चौथ्या निबंधाला ४ आहेत, पाचव्याला पाच नाहीत, म्हणून एच ४. मात्र गणिताच्या आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचे आकडे शेजारी लावून तुलना करू नका. गणितातल्या निबंधांच्या संदर्भयाद्याच मुळात छोट्या असतात.