हॅमंड ऑर्गनचं जॅझ ऐकायचंय ना, मग आधी डावा हात ऐक

हाय,

तुझा मेसेज वाचला, जॅझमधल्या बेस्ट ऑर्गन रेकॉर्ड्सची लिस्ट द्या म्हणालास. लिस्ट देत नाहीये, कारण तू ती एका रविवारी कामं करता करता लावून संपवशील आणि मग सगळं सारखंच वाटलं म्हणशील. त्यापेक्षा एकच अल्बम घे, ऑर्गन वाजवणाऱ्या जिमी स्मिथचा ‘बॅक ॲट द चिकन शॅक’. रेकॉर्डिंग एप्रिल १९६० चं, बाजारात आला १९६३ ला. सॅक्सोफोनवर स्टॅन्ली टरेंटिन, गिटारवर केनी बरेल, ड्रम्सवर डोनाल्ड बेली. बघ, बेसवाला कुठेच नाहीये, आणि तरी खाली बेस, म्हणजे खालचे जाड स्वर, अखंड चालू आहे, तो सगळा स्मिथचा डावा हात.

म्हणून पहिल्या वेळी फक्त डावा हात ऐक, बाकी सगळं सोडून दे. आणि प्लीज मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्यात खालचा आवाज जवळजवळ येतच नाही, हेडफोन लाव. टायटल ट्रॅक साधा बारा बारचा ब्लूज आहे, म्हणजे बारा छोट्या भागांचं एकच चक्र पुन्हा पुन्हा येतं, त्यात उजवा हात वर कितीही धुमाकूळ घालू दे, बेस आपला शांतपणे चालत राहतो, जराही घाई नाही. पायाखाली पेडल्स असतात पण स्मिथ अख्खी बेस लाइन पायाने वाजवत नाही, पाय बहुतेक वेळा पेडलला नुसता टच करतो आणि त्याने डाव्या हाताच्या स्वराला सुरुवातीला एक ठप्प असा धक्का मिळतो. तो धक्का एकदा कानाला सापडला ना, की मग सुटत नाही.

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो, पण तिथे हवेने रीड वाजतात आणि हॅमंडमध्ये हवेचा संबंधच नाही. आत मोटरवर धातूची दातेरी चाकं फिरतात, बी-३ मॉडेलमध्ये ९१, ती मॅग्नेटजवळून फिरली की करंट तयार होतो आणि त्याचाच स्वर होतो. लॉरेन्स हॅमंडने हा ऑर्गन १९३५ मध्ये बाजारात आणला आणि पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या बऱ्याच चर्चनी तो घेतला. की दाबताना बारीक टिक् असा आवाज येतो, बनवणाऱ्यांना तो दोष वाटायचा, जॅझवाल्यांना मात्र तो हवाच असतो, त्याच्यामुळे फास्ट वाजवलेला एकेक स्वर सुटा ऐकू येतो. आणि लांब धरलेला स्वर मध्येच थरथरायला लागला तर समज ऑर्गनला जोडलेल्या लेस्ली स्पीकरने स्पीड बदलला, त्याच्या आतला हॉर्न खरोखर गोल फिरतो.

हे कानात बसलं की मग स्मिथचाच ‘द सर्मन’, त्यातला टायटल ट्रॅक वीस मिनिटांचा ब्लूज आहे, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. अर्ध्यात बंद करू नकोस, सोलो करणारे बदलत जातात आणि खाली डावा हात तोच, खरी मजा त्यात आहे. ऑर्गनवाली शर्ली स्कॉट ऐकायचीच, सॅक्सोफोनवाल्या एडी ‘लॉकजॉ’ डेव्हिसबरोबरचा १९५८ चा ‘कुकबुक’ घे, तिथे जॉर्ज डुविव्हिए वेगळा बेस वाजवतो आणि त्यामुळे तिचे हात मोकळे आहेत, फरक लगेच कळेल. पार्टीचा माहोल हवा असेल तर ऑर्गनवाल्या जॅक मॅकडफचा १९६३ चा ‘लाइव्ह!’, त्यात गिटारवर २० वर्षांचा जॉर्ज बेन्सन आहे.

ऑर्गनवाल्या लॅरी यंगचा ‘युनिटी’ मात्र शेवटी ठेव. नोव्हेंबर १९६५, ट्रंपेटवर वुडी शॉ, सॅक्सोफोनवर जो हेंडरसन, आणि ड्रम्सवर एल्विन जोन्स, जो तेव्हा सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनच्या बँडमध्ये वाजवत होता. माझ्या मते ऑर्गनवरचा हा सगळ्यात मोठा अल्बम, इथे चर्चचा आणि ब्लूजचा तो गरम, भरलेला आवाज यंगने बाजूला ठेवलाय, कॉर्ड्स (एकत्र वाजवलेले स्वर) हलक्या, मध्ये मोकळी जागा, आणि स्मिथच्या सावलीतून बाहेर पडायची हिंमत. त्यातला ‘मंक्स ड्रीम’ फक्त यंग आणि जोन्स दोघांनीच वाजवलाय, ना ट्रंपेट ना सॅक्सोफोन. तो स्मिथच्या ‘चिकन शॅक’च्या टायटल ट्रॅकला लागून लगेच ऐक, दोन्हीत फक्त डावा हात, आणि मग मला लिही की कुठला बेस तुला जास्त ओढून नेतो, मला खरंच ऐकायचंय.