ताडोबा जिप्सीतून पाहिलं, बिनसर पायी पाहा

प्रश्न : आम्ही तिघं, मी ४४, मिस्टर ५०, मुलगी आठवीत. ताडोबा-पेंच दरवर्षी होतं पण हिमालय एकदाही नाही. मिस्टरांच्या ऑफिसातले एक जण म्हणून राहिले की नाग टिब्बा करा, वीकेंडला होतो, एकदम ईझी. खरंच होतो का? तयारी काय करायची?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : ताई, होतो, पण तो वीकेंड दिल्ली-डेहराडूनवाल्यांचा. ते रात्री गाडीत बसले की सकाळी पायथ्याशी, आपल्याला नुसतं दिल्ली गाठायलाच अकराशेक किलोमीटर. आणि ईझीचं म्हणाल तर नाग टिब्बा आहे ३०२२ मीटर, पंतवाडी गावातून हजार-दीड हजार मीटर चढायचं, नि आपलं नागपूर ३१० मीटरवर, आपला चढ म्हणजे सेमिनरी हिल्स आणि फार तर रामटेकचा गड. नावात नाग, वर नागदेवतेचं देऊळ, नागपूरकराचं मन ओढतं हे कळतं बाप्पा मला, पण पहिलाच ट्रेक आणि सोबत पोरगी, तो पुढच्या वर्षीवर टाका.

माझं ऐकाल तर बिनसर. उत्तराखंडच्या कुमाऊं भागात, अल्मोड्याच्या पुढे तासाभरावर, उंची २४०० मीटरच्या आसपास. म्हणजे विरळ हवेचा त्रास सहसा जिथून सुरू होतो त्या २५०० च्या आतच. कुमाऊं मंडळाच्या रेस्ट हाऊसपासून झीरो पॉइंट, म्हणजे हिमशिखरं पाहायची जागा, जेमतेम दोन किलोमीटर, वाट पूर्ण झाडीतून. कोणी म्हणेल हा काय ट्रेक झाला, म्हणू द्या.

ताडोबात आपण जंगलात असतो पण खाली पाय टेकवता येत नाही, गाइड दाखवेल तिकडे मान वळवायची नि वाघ दिसला की मोबाइल काढायचा. इथे वाघाची वाट पाहत बसायचं नाही, चालायचं. आपला साग उन्हाळ्यात पार बोडका होतो, तिथला बांज म्हणजे ओक बारमाही हिरवा, त्याच्याखालची माती ओलसर, पाय ठेवला की दबते. सावजी मसाल्यात आपण दगडफूल टाकतो ना, त्याच्याच भाऊबंदांच्या राखाडी दाढ्या फांद्यांना लोंबत असतात, मुलीला दाखवा, ती वाससुद्धा घेऊन पाहील. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर बुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन लाल फुललेला असतो, उत्तराखंडचं राज्यवृक्ष तेच. देवदारांमध्ये बिनेश्वर महादेवाचं देऊळ आहे, तिथे घटकाभर बसा, फोटो नंतर. झीरो पॉइंटला मात्र पहाटेच जा, दुपारपर्यंत ढग चढतात आणि मग ७८१६ मीटरची नंदादेवी असो की त्रिशूळ, पांढरा पडदाच. बिबट्या आहे जंगलात, अंधार पडायच्या आत खोलीवर.

दिवसांचा हिशेब असा. गुरुवारी संध्याकाळी नागपूरहून ट्रेन, शुक्रवार दिल्लीत, रात्री राणीखेत एक्स्प्रेसनं पहाटे काठगोदाम. ही गाडी जुन्या दिल्लीहून सुटते आणि आपल्याकडच्या गाड्या नवी दिल्ली नाहीतर निजामुद्दीनला सोडतात, तेवढं लक्षात ठेवा. काठगोदामहून बिनसर टॅक्सीनं चार-पाच तास, घाट वळणाचा आहे आणि आपण सरळ रस्त्याची माणसं, तेव्हा निघताना पोटभर तर्री-पोहे नको, हे अनुभवानं सांगते. शनिवार-रविवार जंगल, सोमवारी खाली उतरून रात्रीची गाडी, बुधवारी सकाळी घरी. तीन सुट्ट्या लागतात. दिल्लीपर्यंत दोन्हीकडून विमान घेतलं तर एक-दोन वाचतील.

तयारी म्हणजे महिनाभर आधीपासून रामटेकच्या पायऱ्या, दर रविवारी, आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या, गुडघे उतरतानाच बोलतात. शूज बर्डीवरून घ्या की मॉलमधून, पण नवेकोरे घालून जाऊ नका, मी गेले होते, उतरताना बोटं पुढे आपटून आपटून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी झाली, ती पुढे चार महिने मिरवली. नखं कापून जा. थंडीचं गणित सोपं आहे, दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्री कमी, म्हणजे नागपूरपेक्षा तेरा-चौदानं थंड. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, चालताना घाम येतो नि थांबलं की लगेच कुडकुडायला होतं. पॉवर बँक न्या, जंगलात विजेचा भरवसा नाही.

प्रश्न : मला सुट्टी फक्त मे महिन्यातच असते, मित्रांबरोबर कुमाऊंच्या जंगलात ट्रेक करायचाय. चालेल ना?
– कॉलेजचा विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : चालेल, नवतप्यातून, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांतून पळून जायला त्यापेक्षा चांगली जागा नाही, शिवाय वाटेत काफळ खायला मिळतील, जांभळट लाल आणि आंबटगोड. पण हिमशिखरं दिसतीलच म्हणून जाऊ नको, त्या दिवसांत हवा धुरकट असते. आणि वणव्याचा हाच सीझन. खालच्या उंचीवर चीड म्हणजे पाइनचं जंगल आहे, त्याच्या वाळलेल्या सुया, तिकडे पिरूल म्हणतात, जमिनीवर गादीसारख्या पसरतात आणि एका थोटकानं पेटतात. तर कॅम्पफायर नाही, सिगरेट नाही, मित्रांनाही आधीच सांगून ठेव. शिवाय पिरूलवरून पाय असा सटकतो की तेलावरून बरा, उतारावर काठी घे. शिखरं पाहायचीच असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै ते सप्टेंबर विचारही करू नको, दरडी आणि जळवा.

प्रश्न : वय ६६, गुडघे कुरकुरतात, बी.पी.ची गोळी चालू आहे. आम्ही आता हिमालय टीव्हीवरच पाहायचा का?
– धरमपेठचे एक काका

उत्तर : छे हो काका! आधी डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर बिनसरला झीरो पॉइंटचे जाऊन-येऊन चार किलोमीटर दोन तासांत करा, तीन लागले तरी तिथे कोण घड्याळ घेऊन बसलंय. गोळ्या हँडबॅगेत ठेवा, टॅक्सीच्या डिकीत नाही. आणि काकूंनाही न्या, त्यांचे गुडघे तुमच्यापेक्षा बरे असतील.